द्राक्षाची पेस्ट

गुलाबाला कात्री लावणाऱ्याच्या मनात दया नसावी. दया आली की काडी लांब राहते, आणि काडी लांब राहिली की फूल बोराएवढं येतं. मी चौथी शिकले, पण हे काही शाळेत शिकले नाही. आमच्या मालकांनी शिकवलं. सावळीराम त्यांचं नाव. बत्तीस वर्षं सरकारी बागेत माळीकाम केलं, आणि संध्याकाळी घरी आले की पुन्हा आपल्या बागेत वाकायचे. मी म्हणायचे, "दिवसभर गवतच उपटता, घरी तरी पाठ सरळ करा." ते म्हणायचे, "ती नोकरी गं विठा, ही बाग."

मखमलाबाद रोडला आमचं घर. घराच्या बाजूला फाटकापर्यंत लांबट जागा, तिथे बासष्ट गुलाब. कुंडीत एक नाही, सगळे जमिनीत. मालक गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर त्या जागेत माझ्याशिवाय कुणी कात्री धरली नाही. फाटकाला मी कुलूप घालते, किल्ली माझ्या कनवटीला. गुलाबाच्या प्रदर्शनात अकरा वर्षं पहिल्या नंबरची ढाल माझ्या घरी आली. ढाली मोजायला दिवाणखान्यात यावं लागतं. बरेच जण फक्त तेवढ्यासाठी येतात आणि मग चहाला नावं ठेवून जातात.

आता सून. तेजस्विनी. पिंपळगाव बसवंतची, द्राक्षवाल्याच्या घरची. शेतीची पदवी घेतलेली. लग्नाच्या बैठकीत तिचा बाप म्हणाला, "मुलगी मातीतली आहे, तुमच्या बागेला हातभार लागेल." मी तेव्हाच म्हटलं, "माझ्या बागेला हात आहेत दोन. भार नको." सगळे हसले. तीही हसली. सात वर्षं झाली, पुढे फारशी हसली नाही.

मी तिला बागेत येऊ दिलं नाही असं लोक म्हणतात. साफ खोटं. शेण कालवायला यायची, निंबोळी पेंड आणायची, पडलेली पानं वेचायची. कात्री दिली नाही एवढंच. लग्नाआधी कुठल्या तरी खताच्या कंपनीत नोकरी करायची, ती किशोरनं सोडायला लावली. मग ती माझ्या फाटकाशी घुटमळायला लागली. एकदा स्वैपाक करता करता म्हणाली, "आई, मी शिकले त्याचा या घरात उपयोग होईल अशी एवढी एकच जागा आहे."

मी म्हटलं, "भाजी करपतेय."

तरी मी तिला सांभाळून घेत होते. पण गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात जे झालं ते मी विसरणार नाही. परीक्षक कुठले तरी मोठे साहेब होते. माझ्या फुलापुढे थांबले, वाकून बघितलं आणि विचारलं, "आजी, तुमच्या मातीचा पीएच किती?" मला पीएच माहीत नाही. मला माती माहीत आहे, चिमटीत धरून सांगते. मी तोंड उघडायच्या आत मागून ही बोलली, "सात पूर्णांक चार, सर. चुनखडी आहे थोडी, म्हणून आम्ही गंधक देतो."

आम्ही! गंधक माझे मालक देत आले, ती जन्मली नव्हती तेव्हापासून. पण साहेब तिच्याकडे वळले ते वळलेच. दहा मिनिटं दोघं बोलत राहिले. मी तिथेच खुर्चीवर, बाटलीत खोचलेल्या फुलासारखी. ढाल मलाच मिळाली. ती हातात देताना साहेब म्हणाले, "सुनेला जपा हो, हुशार आहे." अंबूबाई शेजारीच उभी. अंबूबाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली. दरवर्षी दुसरा नंबर घेऊन दरवर्षी मला अभिनंदन म्हणणारी. ती म्हणाली, "विठे, तुझी बाग आता शिकली बाई."

त्या दिवशी मी मनात ठरवलं असं नाही. पण घरी आल्यावर फाटकाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

नोव्हेंबरात मी नळापाशी शेवाळावर घसरले. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यातून कोपरापर्यंत प्लास्टर घालून आणलं आणि किशोरनं त्याच रात्री जेवताना विषय काढला. त्यानं दिवाळीत नवी गाडी घेतली होती. गाडी रस्त्यावर उभी, येणारा जाणारा टेम्पो घासून जायचा. त्याचा डोळा बागेवर होता हे मला ठाऊक होतं, पण तोंडानं पहिल्यांदा बोलला.

"आई, स्पष्ट सांगतो. तुझ्यानं आता होत नाही. यंदा हात मोडला, पुढच्या वर्षी कंबर मोडशील. तेजस्विनीनं बाग सांभाळली तर राहू दे. नाही तर पेव्हर ब्लॉक टाकून घेतो, गाडी आत येईल."

"माझ्या जिवंतपणी?"

"मी वाईट सांगतोय का? यंदाचं प्रदर्शन तिला करू दे. तिची फुलं टेबलावर लागली तर बागेची किल्ली तिची. मी पुन्हा पेव्हरचं नाव काढणार नाही. नाही लागली तर मग मला बोलू नकोस."

मी सुनेकडे बघितलं. भाकरी तव्यावर तशीच, तिचे डोळे माझ्या कनवटीवर. "मी करीन," ती म्हणाली. मला नाही, किशोरला.

मी म्हटलं, "करू दे की. बघू."

किशोर माझाच मुलगा. तोंडाचा तिखट, हाताचा मऊ. बापानं लावलेल्या झाडांवर तो पहार घालणार नाही असं मी धरून चालले होते. म्हणजे माझ्या हिशेबानं एकच व्हायला हवं होतं. सूनबाईची फुलं लागायला नकोत. पेव्हर ब्लॉक तर येणारच नाही. किल्ली माझी माझ्यापाशी.

प्रदर्शन सतरा जानेवारीला होतं. आमच्याकडे थंडीत छाटणीनंतर पन्नास दिवसांनी फूल उमलतं. म्हणजे छाटणी अठ्ठावीस नोव्हेंबरला व्हायला हवी, फार तर एक-दोन दिवस इकडेतिकडे. हे गणित मी बोटांवर करते, ती मोबाइलवर. दोघींचं एकच आलं. आणि सव्वीस तारखेला पिंपळगावहून फोन आला, तिचे वडील मोटरसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ती रडत बॅग भरायला लागली.

"आई, छाटणी?"

"बाप मोठा का झाड मोठं?" मी म्हटलं. "जा."

कळल्यावर अंबूबाई आली, म्हणाली, "माझा माळी पाठवते, दोन दिवसांत मोकळं करील."

"भाड्याचा हात माझ्या झाडाला नको," मी सांगितलं. ते खरंही होतं. आणि उशीर होतोय तर होऊ दे, हेही खरं होतं.

ती आठ डिसेंबरला संध्याकाळी आली आणि नवव्या तारखेला उजाडता उजाडता बागेत उतरली. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मला वाटलं होतं पोरगी चाचपडेल. पण खोटं कशाला बोलू? तिची कात्री चांगली चालली. काडीवर कोंब फुटायचा बाहेरच्या अंगाचा डोळा बघायची, त्याच्यावर बोटभर जागा सोडून तिरका काप. वाळकी काडी, आत घुसलेली काडी, पेन्सिलीहून बारीक काडी, सगळं काढलं. चार वाजेपर्यंत बासष्ट झाडं गुडघ्याएवढी केली. सात वर्षं पानं वेचता वेचता माझ्या हाताकडे बघत होती, तेव्हा कळलं.

"बरं झालं का, आई?"

"झाड सांगेल," मी म्हटलं.

मग तिनं पिशवीतून डबा काढला. झाकण उघडल्याबरोबर उग्र वास ओट्यापर्यंत आला. मी वासावरूनच ओळखलं. द्राक्षाची पेस्ट. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, कुठल्याही द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये असते. छाटणी झाली की दुसऱ्या दिवशी बायका हातमोजे घालून फडक्यानं एकेका डोळ्याला पेस्ट लावत जातात. त्यात लाल रंग कालवतात, कुठली काडी झाली कुठली राहिली ते कळावं म्हणून. पेस्ट लागली की वेलीचे डोळे लवकर आणि एकसाथ फुटतात. द्राक्षवाल्याला दिवसाची किंमत असते.

"अकरा दिवस उशीर झालाय," ती म्हणाली. "बाबांकडे उरलेली होती. डोळे दहा-अकरा दिवस लवकर फुटले तर कळी सतरा तारखेला सापडेल. आई, गुलाबाला चालेल ना?"

आता इथे मला माझी गोष्ट सांगावी लागते. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. मालकांनीही हाच उद्योग केला होता. ओझरच्या एका दोस्ताकडून चमचाभर पेस्ट आणून एका झाडाला लावली, मजा म्हणून. पंधरा दिवसांत काड्या शेंड्यापासून काळ्या पडत खाली आल्या. झाड जळलं. ते उपटायला निघाले तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या, मुळाला काय झालंय. आणि खरंच, होळीच्या सुमाराला बुडापासून, कलमाच्या गाठीच्या वरून, लालचुटुक फुटवे आले आणि झाड आधीपेक्षा जोमानं वाढलं. गाठीच्या खालून येतो तो रानटी खुंटाचा फुटवा, वरून येतो तो खऱ्या गुलाबाचा. मालक म्हणाले, "विठा, माझं हे शहाणपण कुणाला सांगू नको, बागेत हसतील." मी कुणाला सांगितलं नाही. ते आणि मी, दोघांनाच माहीत. आता मला एकटीलाच.

म्हणजे सून विचारत होती ते मला पक्कं माहीत होतं. पेस्ट लावली तर यंदाचं फूल गेलं. झाड मात्र मरत नाही, होळीला परत येतं. माझ्या डोक्यात हे सगळं तेवढ्या वेळात सरकून गेलं, जेवढ्या वेळात ती डबा हातात घेऊन उभी होती. एक शब्द पुरला असता. "नको." चौथी शिकलेल्या बाईलाही येतो हा शब्द.

मी म्हटलं, "तुझ्या बापाचं औषध. मला अडाणीला काय विचारतेस? पदवी तुझी."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हातमोजे चढवले.

कोपऱ्यातल्या झाडापाशी ती पोचली तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. भिंतीलगतचं ते झाड मालकांनी सगळ्यात आधी लावलेलं. गर्द लाल, जुन्या वासाचं. "त्याला राहू दे," मी ओरडले. "त्याला औषध-बिवषध काही नको. यांच्या हातचं आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फडकं डब्यात टाकलं.

तेवढी एक चूक मी केली.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई आली. एकसष्ट झाडांच्या काड्या लाल लाल. "अगं बाई! झाडांना कुंकू कुणी लावलं? लग्न का काय कुणाचं?"

"माझ्या सुनेचं शास्त्र आहे ते," मी म्हटलं. "तुझ्या सुनेला येतं का?"

तेजस्विनी कौतुक समजून लाजली. मला तेव्हा हसू दाबायला लागलं.

आठ दिवस ती रोज सकाळी दात न घासता बागेत जायची. एकेका डोळ्यापाशी वाकायची. फुगला का, लाली आली का. दहाव्या दिवशी कोपऱ्यातल्या झाडाचे डोळे फुगले. बाकीच्यांचे काळे पडले. मग काळं काडीवर उतरायला लागलं, वरून खाली, रोज अर्धं बोट. तिनं पाणी वाढवलं, मग पाणी तोडलं. मग बापाला फोन लावला. तो अंथरुणावरून एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला ओट्यावर ऐकू आलं. "गुलाबाला? अगं पोरी, गुलाबाला कुणी पेस्ट लावतं का? आणि द्राक्षाएवढीच दाट? अगं सासूला तरी विचारायचं होतंस!"

"विचारलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

तिनं फोन ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी किशोर म्हणाला, घरीच बसू. मी म्हटलं, "का? मेलंय का कोणी? मंडळानं आपल्या नावाचं टेबल मांडलंय. रिकामं का असेना, आपण असायला हवं." मी नवी नारायणपेठी नेसले. प्लास्टर निघालं होतं. तिला मी बळंच बरोबर घेतलं.

गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयात टेबलं लावली होती. आमच्या टेबलावर नावाची पाटी, पांढरी चादर आणि बारा रिकाम्या बाटल्या. दोन्ही बाजूंना लोकांची फुलं, ताटाएवढी. लोक यायचे, आमच्यापाशी पाय हळू करायचे, पाटी वाचायचे आणि पुढे जायचे. तेजस्विनी टेबलामागे खाली मान घालून उभी.

गेल्या वर्षीचेच साहेब आले. "आजी, यंदा हे काय?"

"मला काय विचारता, साहेब," मी म्हटलं, चांगल्या मोठ्या आवाजात, आजूबाजूला ऐकू जाईल असं. "यंदा बाग शिकलेल्या माणसाकडे होती. हिला विचारा ना. पीएच विचारा. बाटल्यांतल्या पाण्याचाही सांगेल."

दोन-तीन जण हसले. साहेब नाही हसले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "होतं असं कधी कधी." त्या मऊ बोलण्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या कानापाशी म्हटलं, "इथे नको. बाटल्या भरतील."

ढाल अंबूबाईला मिळाली. ती मला नमस्कार करायला आली, आणि म्हणाली, "विठे, तुझ्या आशीर्वादानं." मी आशीर्वाद दिला. माझं काय जात होतं? एका वर्षाची ढाल. किल्ली कनवटीला होती.

घरी येताना गाडीत किशोरनं एवढंच म्हटलं, "ठरलं होतं तसं करू मग." मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, नुसतं बोलतोय.

अठ्ठावीस जानेवारीला कोपऱ्यातल्या झाडाला फूल उमललं. एकच नाही, सात. तळहाताएवढी, भरगच्च, वास फाटकाबाहेर. मी सकाळी चूळ भरायला बाहेर आले तर तेजस्विनी त्या झाडासमोर उभी होती. बोटं मोजत होती.

"नऊ डिसेंबर ते अठ्ठावीस जानेवारी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बरोबर पन्नास दिवस. याला पेस्ट नव्हती."

"मग?"

"एकसष्ट झाडांना लावू दिलीत आणि याला नाही."

"यांच्या हातचं म्हणून सांगितलं ना तुला."

"सगळीच त्यांच्या हातची आहेत, आई. बासष्टच्या बासष्ट. तुम्हीच सांगता येणाऱ्या-जाणाऱ्याला." मग ती वळली. "तुम्हाला माहीत होतं."

मी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "माहीत असतं तर माझीच बाग जाळून घेतली असती का मी? वेड लागलंय का मला?"

ती वाकली आणि जवळच्या काळ्या झाडाच्या बुडाशी नखानं साल खरवडली. कलमाच्या गाठीच्या जरा वर. आतून हिरवं निघालं, ओलं हिरवं. दुसऱ्या झाडाला खरवडलं. तिथेही हिरवं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, झाडाकडे नाही. माझ्या तोंडावर नवल दिसायला हवं होतं. मला ते वेळेवर आणता आलं नाही.

"हेही माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. "म्हणजे झाडं परत येणार. फक्त मी जायची होते."

"स्वैपाकाचं बघ," मी म्हटलं.

ती स्वैपाकाचं बघायला गेली. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द वाकडा नाही. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर, पाय चेपू का म्हणून विचारणं. मला वाटलं, मोडली. चांगलं झालं. मोडल्याशिवाय माणूस ऐकत नाही.

शिवरात्र झाली, आणि त्याच आठवड्यात एका रविवारी सकाळी किशोरनं फाटकाबाहेर टेम्पो उभा केला. मागे पेव्हर ब्लॉक रचलेले, वर दोन मजूर, पहारी, फावडी. मी ओट्यावरच होते.

"हे काय?"

"नोव्हेंबरात बोललो होतो, आई."

"तुझ्या बापाची झाडं आहेत ती."

"मेलेली आहेत, आई. दोन महिने काळी काटकं बघतोय मी. येणारा प्रत्येक माणूस विचारतो घरात काय झालं म्हणून." मग त्याचाच आवाज जरा उतरला. मी म्हटलं ना, हाताचा मऊ. फाटकाशी उभा राहून त्यानं विचारलं, "तेजस्विनी, एकदा शेवटचं सांग. यातलं काही जिवंत आहे का? असेल तर मी टेम्पो परत पाठवतो, देवाशप्पथ."

ती दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. बाग तिची होऊ शकत होती. एक शब्द बोलायचा होता. मी तिच्याकडे बघितलं; मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्याकडे तसं बघितलं असेल.

"मला काय कळतं?" ती म्हणाली. "माझ्यामुळे तर जळली. आईंना विचारा. पेस्टनं जळलेला गुलाब परत फुटतो का नाही, त्यांना माहीत असेल. कसं माहीत, तेही सांगतील."

किशोर माझ्याकडे वळला. "आई?"

टेम्पोवाला बिडी ओढत बघत होता. अंबूबाईच्या गच्चीवर कोणी तरी कपडे वाळत घालायचं थांबलं होतं. सांगायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. होय रे बाबा, फुटतो. तुझ्या बापानं केलं होतं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, होळीला येतात फुटवे. मग त्यानं विचारलं असतं, मग नऊ डिसेंबरला तू ओट्यावर बसून काय करत होतीस? आणि ते उत्तर मला माझ्या मुलापुढे, त्या पोरीच्या तोंडाकडे बघत, टेम्पोवाल्याच्या समोर द्यावं लागलं असतं. आणि पुढे रोज. ती काही बोलली नसती. चहा वेळेवर दिला असता. तेच सोसवलं नसतं.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी चौथी शिकलेली बाई."

"मग काढतो," किशोर म्हणाला आणि हात पुढे केला. मी कनवटीची किल्ली काढून दिली. हातात नाही दिली. ओट्यावर ठेवली.

"भिंतीकडचं एक राहू द्या," तेजस्विनी मजुरांना म्हणाली. "गाडीच्या आड येत नाही. ते आजींचं आहे."

पहिली पहार घातली तेव्हा मी आत जाईन असं सगळ्यांना वाटलं असेल. मी खुर्ची पुढे ओढली. पहारवाला पोरगा कामचुकार होता, वरवर हलवून काडी ओढायचा, निम्मं मूळ जमिनीत. "अरे ए," मी म्हटलं, "मुळासकट काढ. अर्धवट सोडलंस तर फरशी उचलेल. आळ्याच्या बाहेरून घाल पहार. कधी झाड बघितलंयस का नाही?" तो घाबरून नीट काढायला लागला. मालकांनी चाळीस वर्षांत खत घालून घालून माती लोण्यासारखी केली होती. पहार आपोआप उतरत होती. किशोर मान खाली घालून ब्लॉक मोजत बसला. तिनं मजुरांना पाणी दिलं, मलाही आणून दिलं, तांब्याभर, वर फुलपात्र झाकून.

दहा-बारा झाडं झाल्यावर दुसरा मजूर, जरा वयस्कर होता, पेठकडचा असावा, तो एका झाडापाशी गुडघ्यावर बसला. पालापाचोळा बाजूला केला आणि थांबला.

"आजी, हे जितं हाय वं. कोंब हाय ह्येला. हा बघा, लाल."

मी उठून गेले. तिघंही तिथेच उभी होती. किशोर, ती, तो मजूर. काळ्या बुडख्यावर, गाठीच्या चांगलं चार बोटं वर, करंगळीच्या नखाएवढा कोंब होता. त्याच्या शेजारी दुसरा. पुढच्या झाडाला तीन. होळी दहा-बारा दिवसांवर होती.

किशोर म्हणाला, "आई, हे काय आहे?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, त्या दिवशी बघत होती तशीच.

"खालच्या खुंटाचा फुटवा आहे तो," मी म्हटलं. "रानटी. त्याला फूल येत नाही, नुसते काटे. काढ."